शारीरिक शिक्षणातली अध्यापन प्रतिमानं आणि विद्यार्थ्यांची सर्जनशीलता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे विद्यार्थी, सराव पाठांचे मार्गदर्शक आणि पदवी महाविद्यालयांतले शारीरिक शिक्षण संचालक यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं मैदानावर वापरता यावीत या हेतूनं लिहिली आहेत. त्यामुळे काही लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

अध्यापन पद्धत आणि अध्यापन प्रतिमान यांत फरक काय?

दिग्दर्शन ही पद्धत आहे. तुम्ही ती एका तासात दहा मिनिटं वापरता आणि पुढे जाता. प्रतिमान मात्र पूर्ण घटकाला, म्हणजे काही आठवड्यांच्या कामाला आकार देतं. विद्यार्थ्यानं काय शिकायचं, निर्णय कोणी घ्यायचे, कृती कशी मांडायची आणि शिकलं की नाही ते कशावरून ठरवायचं, या चारही गोष्टी त्यात एकमेकींशी जुळलेल्या असतात. अमेरिकेत मायकेल मेट्झलर यांनी 2000 साली शारीरिक शिक्षणातली वेगवेगळी प्रतिमानं अशा रीतीनं एकत्र मांडली.

फरक लक्षात ठेवायचा तो कामासाठी. पाठ टाचणात 'प्रतिमान: सहकार्यात्मक अध्ययन' असं लिहून प्रत्यक्षात शिट्टीवर चाळीस मुलांकडून एकच कृती करून घेतली, तर वहीत प्रतिमान आहे आणि मैदानावर नाही.

खेळात सर्जनशीलता म्हणजे नेमकं काय? नृत्य आणि जिम्नॅस्टिक्सपुरतीच ती असते का?

नाही. जे.पी. गिलफर्ड यांनी 1950 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांसमोर या विषयाकडे लक्ष वेधलं. पुढे पॉल टॉरन्स यांनी मोजमापासाठी चार अंगं वापरली: किती कल्पना सुचतात तो ओघ, त्या किती वेगळ्या प्रकारांत मोडतात ती लवचीकता, इतरांना न सुचलेलं सुचतं का ते नावीन्य आणि सुचलेलं किती बारकाईनं फुलवता येतं तो विस्तार. ही चारही अंगं कबड्डीच्या चढाईत दिसतात. निदान रेषा (चढाईपटूनं समोरच्या अंगणात ओलांडायचीच असते ती रेषा) ओलांडून परत यायचं आहे, समोर सात जण आहेत आणि हातात तीस सेकंद आहेत. एकच चढाईपटू दर वेळी उजव्या कोपऱ्यावर जाऊन पाय टाकत असेल, तर त्याचं कौशल्य कितीही पक्कं असो, चौथ्या चढाईला तो पकडला जातो.

खेळात आणखी एक अट असते. सुचलेलं काम करायला हवं. चित्रकलेत विचित्र रेघ चालून जाते, इथे विचित्र उडीनं गुण जातो. म्हणून माझ्या वर्गात मी एकच कसोटी ठेवते: विद्यार्थ्याला स्वतःला नवं असलेलं आणि समोरचा प्रश्न सोडवणारं उत्तर. ते जगाला नवं असण्याची गरज नाही.

डिक फॉस्बरीचं उदाहरण सगळेच देतात. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यानं पाठीवर उलटी उडी घेत 2.24 मीटर पार केले आणि सुवर्णपदक मिळवलं. या गोष्टीतली सांगायची राहून जाणारी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हाची रूढ शैली त्याला नीट जमत नव्हती आणि उडीच्या खड्ड्यात वाळू-भुशाच्या जागी फोमच्या गाद्या येऊ लागल्या होत्या. वाळूत मानेवर पडायची कल्पना कोणी केली नसती. प्रतिभा त्याची होतीच, पण तिला वाव देणारी मांडणी आधी तयार झाली होती. शिक्षकाच्या हातात तेवढंच असतं, मांडणी.

मॉस्टन यांच्या अध्यापन शैली परीक्षेसाठी पाठ केल्या. प्रत्यक्षात त्यांचा उपयोग कसा करायचा?

मुस्का मॉस्टन यांनी 1966 साली ही मांडणी पुढे आणली आणि नंतर सारा ॲशवर्थ यांच्यासोबत ती वाढवली. नावं पाठ करण्याऐवजी तिच्यामागचा एक प्रश्न धरा: निर्णय कोण घेतंय? पाठाआधीचे, पाठ चालू असतानाचे आणि पाठानंतरचे असे निर्णयांचे तीन संच आहेत. आदेश शैलीत तिन्ही शिक्षकाकडे असतात. सराव शैलीत जागा, गती, क्रम असे काही निर्णय विद्यार्थ्याकडे जातात. अन्योन्य शैलीत एक करतो, दुसरा निकषांचं कार्ड हातात घेऊन सांगतो. स्वयंतपासणी आणि समावेशक शैलीत विद्यार्थी स्वतःकडे पाहायला लागतो. या पाचांत तो माहीत असलेलं ज्ञान पुन्हा उभं करतो.

त्यापुढे शोधाचा उंबरठा येतो. मार्गदर्शित शोध, एककेंद्री शोध (उत्तर एकच), बहुकेंद्री शोध (उत्तरं अनेक) आणि नंतर विद्यार्थ्यानंच आखलेल्या, सुरू केलेल्या, शेवटी स्वतः स्वतःला शिकवण्याच्या शैली. एकूण अकरा.

विद्यार्थी इथे एक गफलत नेहमी करतात. शोध आणि सर्जन एकच समजतात. समजा, जोडीतला एक जण दुसऱ्याला खांद्यावर हलकं ढकलतोय. तुम्ही विचारता, 'कसं उभं राहिलात की लगेच तोल जातो?' मग 'पाय लांब केले तर?' मग 'गुडघे वाकवले तर?' मग 'ढकलणाऱ्याच्या दिशेनंच पाय लांब केले तर?' चार-पाच प्रश्नांत वर्ग रुंद पाया, खाली आणलेला गुरुत्वमध्य आणि जोराच्या दिशेतला पवित्रा इथवर पोचतो. सुंदर पाठ आहे, पण सगळे एकाच उत्तरावर आले. हा मार्गदर्शित शोध झाला. सर्जनाला जागा द्यायची तर प्रश्नच असा हवा की त्याची दहा बरोबर उत्तरं असतील: 'जोडीदाराचं थोडं तरी वजन अंगावर घेऊन, जमिनीला एकूण तीनच बिंदू टेकवून, तीन सेकंद स्थिर राहा. चार वेगळ्या रचना करा.' ही बहुकेंद्री शैली.

मग आदेश शैली जुनाट समजून टाकून द्यायची का?

अजिबात नाही. भालाफेक, गोळाफेक, मल्लखांबावरची पहिली साधी उडी, स्प्रिंगबोर्डवरून घोडा ओलांडणं, जिथे चुकल्यावर इजा आहे तिथे शिक्षकाचा शब्द शेवटचा असायला हवा. मल्लखांबाकडेच पाहा. एकेक पकड आणि तेढी काटेकोर शिकवली जाते, आणि मग खेळाडू आपला ऐच्छिक संच रचतो तेव्हा त्याच घटकांची गुंफण त्याची स्वतःची असते. पकड पक्की नसलेल्याला संच रचायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

'मुलांना मोकळं सोडलं की सर्जनशीलता आपोआप येते', हे खरं आहे का?

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

'आज तुम्हीच एक नवा खेळ तयार करा' असं सांगून बाजूला उभं राहिलं की काय होतं, ते कुठल्याही महाविद्यालयाच्या मैदानावर दिसेल. दोन-तीन मुखर विद्यार्थी ठरवतात, बाकीचे मान डोलावतात आणि दहा मिनिटांत क्रिकेटचा किंवा डॉजबॉलचा एखादा अवतार तयार होतो. दोष मुलांचा नाही. प्रश्न इतका मोकळा आहे की हाताला लागेल ते पहिलं उत्तर उचलणंच शहाणपणाचं ठरतं.

आता खो-खोचा एक तुकडा घ्या. पूर्ण पाटी, म्हणजे खेळाडू बसतात ती मधली पट्टी, नको. एका बाजूचा खांब, चार बसलेले खेळाडू आळीपाळीनं उलट-सुलट तोंड करून, एक पाठलाग करणारा आणि एक पळणारा. डाव पंचेचाळीस सेकंदांचा. सहा जणांचा गट, पाळ्या फिरत राहतात. पहिले दोन फेरे काहीच सांगायचं नाही. बहुतेक जण एकेरी साखळी (एकेका बसलेल्या खेळाडूला वळसा घालत नागमोडी पळणं) धरतात, कारण शाळेत तीच शिकवलेली असते. मग एक बंधन घाला: 'पळणाऱ्यानं सलग दोनदा त्याच दोघांच्या मधून जायचं नाही.' पुढच्या फेऱ्यात साखळी मोडते. कोणी खांबाला वळसा घालतं, कोणी दोघांच्या पाठीमागून जाऊन दुहेरी साखळीवर येतं, कोणी मधेच थबकून हुलकावणी देतं. अशा वेळी एखादी मुलगी बसलेल्या खेळाडूच्या पाठीलगत जवळजवळ उभीच राहते, 'खो' पडेपर्यंत हलत नाही आणि उठणाऱ्याच्या तोंडाच्या उलट दिशेनं निसटते. एकदा दिशा धरली की पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, हा नियम तिनं स्वतःसाठी वापरला.

इथे खेळ थांबवा आणि तिच्याकडे बोट दाखवून 'शाबास' म्हणू नका. म्हटलंत की पुढच्या फेऱ्यात सगळे तेच करतील. त्याऐवजी गटाला विचारा, 'आत्ता पाठलाग करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?' उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या, घाईनं शांतता भरून काढू नका. मग बंधन पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूला घाला, म्हणजे आता बचावाला उत्तर त्यांनी शोधायचं.

या सगळ्यात मुलांना मोकळीक कमी मिळाली, पण पर्याय जास्त दिसले. नेमकं बंधन, एकाहून अधिक बरोबर उत्तरं आणि पुन्हा पुन्हा करून पाहायला वेळ. यांतलं एक गळालं तर प्रतिमानाचं नाव काहीही असो, सर्जन घडत नाही.

खेळ समजून शिकवण्याचं प्रतिमान याच विचाराचं आहे का?

बरंचसं. इंग्लंडमधल्या लफबरो इथल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी 1982 साली ते मांडलं. त्यांचा आक्षेप साधा होता: वर्गात तंत्राच्या कवायती खूप होतात, मुलं खेळायला उतरली की ते तंत्र कधी वापरायचं हेच त्यांना उमगत नाही. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला. आधी छोटा, सोपा केलेला खेळ, मग डावपेचांची जाण, मग 'आता काय करायचं' हा निर्णय आणि गरज पटल्यावर तंत्र.

कबड्डीत हे सहज उतरतं. लहान अंगण, तीन बचावपटू, एक चढाई. बचावाला सांगा की एकमेकांचे हात धरून साखळी न करता पकड केली तर एक गुण, साखळी करून केली तर दोन. चढाईला सांगा की कोपऱ्यातल्याला बाद केलं तर दोन. गुणांची किंमत बदलली की डावपेच बदलतात, एकही सूचना न देता. मग कोणीतरी येऊन विचारतं, 'मॅडम, घोटा धरला तरी सुटतोय, कसा धरायचा?' तंत्र शिकवायची वेळ ती.

सूचना कमी देण्यामागे काही आधार आहे, की ही केवळ आवड?

आधार आहे. कलोनच्या जर्मन क्रीडा विद्यापीठातले डॅनियल मेमर्ट सांघिक खेळांतल्या डावपेचात्मक सर्जनशीलतेवर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांनी आणि फिलिप फर्ली यांनी 2007 मध्ये युवा हँडबॉलपटूंवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अमुक बचावपटूकडे लक्ष ठेवा, अशी सूचना मिळालेल्या खेळाडूंना मोकळा उभा असलेला सहकारी अनेकदा दिसतच नाही. सूचना चुकीची नव्हती. तिनं नजर अरुंद केली.

मैदानाच्या कडेला उभं राहून 'डावीकडे दे, डावीकडे!' असं ओरडताना हे आठवावं.

क्रीडा शिक्षण प्रतिमान सत्र पद्धतीत बसतं का?

मला वाटतं, विद्यापीठात सगळ्यांत चांगलं हेच बसतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डॅरिल सीडेंटॉप यांनी ते घडवलं. हंगाम, संघाशी बांधिलकी, औपचारिक स्पर्धा, नोंदी, समारोपाची लढत आणि उत्सवी वातावरण ही त्याची सहा वैशिष्ट्यं. सत्राचे आठ-दहा आठवडे म्हणजेच हंगाम. संघ सुरुवातीला पडतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. खेळाडूखेरीज प्रत्येकाकडे दुसरी जबाबदारी असते: कोणी पंच, कोणी गुणलेखक, कोणी प्रशिक्षक, कोणी साहित्यप्रमुख.

सर्जनाला इथे पुष्कळ दारं आहेत. संघ आपला वॉर्मअप स्वतः रचतो, सरावाचं नियोजन स्वतः करतो, प्रतिस्पर्ध्याच्या नोंदी वाचून डाव आखतो. पण एक सावधगिरी हवी. 2014 पासून प्रो कबड्डी घराघरांत पोचली आहे, आणि संघांना नुसतं मोकळं सोडलं तर ते टीव्हीवरची घोषणा, टीव्हीवरचा जल्लोष आणि टीव्हीवरचाच डाव उचलतात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक संघाला एक छोटा प्रश्न लेखी द्यावा: 'मागच्या सामन्यात तुमचे गुण कुठे गेले? त्यावर दोन वेगळे उपाय करून पाहा आणि कोणता टिकला ते लिहा.'

लेझीम आणि सामूहिक कवायतीत सगळ्यांनी सारखंच करायचं असतं. तिथे सर्जनशीलता कुठून आणायची?

करताना सारखं, रचताना वेगळं. चार आवाज, एक जागा, पवित्रा, दो रुख हे हात, म्हणजे लेझीमचे ठरलेले प्रकार, आधी तालात पक्के होऊ द्या. मग आठ-आठ जणांच्या गटांना बत्तीस मात्रांची रचना करायला द्या. अटी मोजक्या ठेवा: माहीत असलेले तीन हात हवेत, एकदा बसून उठायचं, एकदा रांगेचं वर्तुळ किंवा वर्तुळाची रांग व्हायला हवी आणि आठ मात्रा लेझीम वाजता कामा नये. ही शेवटची अट विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त विचार करायला लावते. आवाज नसताना ताल कसा दाखवायचा? कोणी पावलांनी दाखवतं, कोणी लेझीम हवेत फिरवून, कोणी नजरेनं आणि मानेच्या झटक्यानं.

गट अडला तर उत्तर देऊ नका, चार प्रश्न विचारा. शरीराचा कोणता भाग हलतोय? कुठे, वर की खाली, पुढे की वळणावर? किती जोरानं? कोणाच्या संगतीनं? नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांच्या हालचालींच्या विश्लेषणातून हे चार प्रश्न शिक्षणात आले, आणि ते लेझीमलाही तितकेच लागू पडतात.

वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी, दोन चेंडू आणि अर्धं मैदान. हे सगळं शक्य आहे का?

सगळं नाही. पण अन्योन्य शैली मोठ्या वर्गासाठी वरदान आहे, कारण प्रत्येक जोडीत एक निरीक्षक तयार होतो. गट पाच-सहांचे ठेवा, एका स्थानकावर चेंडू, बाकीच्यांवर दोरी, वर्तमानपत्राचे गोळे, रिंग किंवा काहीच नाही. साहित्य कमी असणं हेही बंधनच आहे, ते प्रश्नात गुंफता येतं.

खेळाची सवय नसलेले, संकोचणारे किंवा दिव्यांग विद्यार्थी यात मागे पडतात का?

आदेश शैलीत जास्त मागे पडतात. मॉस्टन यांचं तिरप्या दोरीचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. दोरी जमिनीला समांतर धरली की काही जण उडी मारतात आणि बाकीचे बाद होऊन बसतात. तीच दोरी तिरपी धरली की प्रत्येक जण आपल्याला झेपेल त्या उंचीवरून उडी मारतो आणि कोणीच बाहेर जात नाही. कृती आखतानाच विचारा की यात सुरुवात करण्याच्या किती पातळ्या आहेत.

अनेक मुली बारावीनंतर पहिल्यांदाच मैदानावर पाय ठेवतात. त्यांना वर्गासमोर एकटीनं करून दाखवायला लावू नका. रचना गटात होऊ द्या, सादरीकरणही गटातच.

सर्जनशीलतेला गुण कसे द्यायचे? बाह्य परीक्षकाला काय दाखवायचं?

हा खरा अडसर आहे. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तंत्राला गुण असतात, म्हणून शिक्षक तंत्रच शिकवतात. त्यांना दोष देता येत नाही.

माझी पद्धत अशी आहे. नावीन्याला थेट गुण देत नाही, कारण परीक्षकाला काय नवं वाटलं हे त्याच्या अनुभवावर अवलंबून असतं. त्याऐवजी तीन गोष्टी पाहते. एक, प्रश्नासाठी विद्यार्थ्यानं किती खरोखर वेगळे उपाय करून पाहिले. उजव्या हातानं आणि डाव्या हातानं केलेलं तेच काम दोन उपाय धरत नाही. दोन, त्यांतला एक निवडून त्यानं तो किती घोटला. तीन, तोच का निवडला हे दोन वाक्यांत सांगता येतं का. पहिल्या मुद्द्यासाठी गटाची नोंदवही असते, दुसऱ्यासाठी सादरीकरण, तिसऱ्यासाठी छोटी तोंडी. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फार तफावत आली तर बोलून घ्यावं. बाह्य परीक्षकासमोर नोंदवही ठेवली की संवाद सोपा होतो. फसलेले उपायही वहीत असायला हवेत, त्यांच्यावर रेघ ओढू देऊ नये.

एम.पी.एड.च्या प्रबंधासाठी या विषयावर प्रयोग करायचा आहे. काय टाळावं?

कागद-पेन्सिलची सर्जनशीलता चाचणी घेऊन कबड्डीतल्या सर्जनशीलतेबद्दल निष्कर्ष काढणं टाळा. चित्रं पूर्ण करण्यातली कल्पकता चढाईत उतरेलच असं नाही. टॉरन्स यांची हालचालींवर आधारित एक चाचणी आहे, पण ती लहान मुलांसाठी आहे, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. त्यापेक्षा छोट्या खेळांचं चित्रीकरण करून, निकष आधी ठरवून, दोन जाणकारांकडून गुणांकन करून घ्या.

दुसरं, प्रायोगिक गटाला नवं प्रतिमान आणि नियंत्रित गटाला 'पारंपरिक पद्धत' असं लिहून सोडू नका. पारंपरिक म्हणजे काय, तासात काय घडलं, निर्णय कोणी घेतले, हे दोन्ही गटांसाठी तितक्याच तपशिलानं नोंदवा. नाहीतर फरक प्रतिमानाचा की शिक्षकाच्या उत्साहाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

सराव पाठाच्या वेळी मुलं बोलत होती, हालत होती, म्हणून मार्गदर्शकांनी वर्गनियंत्रणाचे गुण कापले. काय करावं?

पाठाआधीच टाचणात लिहा की या टप्प्यावर गट चर्चा करतील, अमुक मिनिटं, अमुक प्रश्नावर. थांबण्याची खूण ठरवा आणि पाठात ती एकदा वापरून दाखवा. एका शिट्टीत वर्ग थांबतो हे दिसलं की बहुतेक मार्गदर्शकांची शंका फिटते. आणि मार्गदर्शकांनाही सांगावंसं वाटतं: गुण देण्याआधी एखाद्या गटाजवळ जाऊन, मुलं कशाबद्दल बोलताहेत ते कान देऊन ऐका.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे काही बदललं का?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा, योग, आरोग्य असे सहशैक्षणिक विषय श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आले. शारीरिक शिक्षणाला वेळापत्रकात जागा मिळाली, हे चांगलंच झालं. मात्र ती जागा हजेरी आणि सूर्यनमस्कारांच्या मोजणीत संपू नये यासाठी आत्ताच आराखडे लिहायला हवेत, कारण एकदा रूढ झालेला आराखडा वर्षानुवर्षं तसाच चालतो.

सुरुवात कुठून करावी?

तुम्हाला सगळ्यात चांगला येणारा खेळ घ्या आणि त्यातला एकच घटक निवडा. पहिल्या आठवड्यात सराव शैली, दुसऱ्यात अन्योन्य, तिसऱ्यात एक बहुकेंद्री प्रश्न, शेवटची वीस मिनिटं. तो प्रश्न आदल्या दिवशी स्वतः मैदानावर करून पाहा. तुम्हाला स्वतःला तीन वेगळी उत्तरं सापडली नाहीत, तर प्रश्न बदला.